पिकेटांचा उजवा पाय

"पाय माझा आहे," असं म्हणून एल्रॉय पिकेटांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच.

डॉ. ब्रॅनिगनबाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं. मधुमेहानं उजवा पाय गुडघ्याखाली काळा पडला होता. विष वर चढत होतं. पाय काढला नाही तर माणूस हाती लागणार नव्हता. मुलगी वर्निता रडली, चिडली, मग नुसतीच उशाशी बसून राहिली. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही म्हणावं, तर बेसबॉलचे जुने सामने त्यांना तोंडपाठ होते. शेवटी डॉक्टरबाईंनी सेनादाला निरोप धाडला.

सेनादा हाजिच त्या इस्पितळात चॅप्लिन होती. आजाऱ्याजवळ बसायचं, त्याचा जो देव असेल त्याचं नाव घ्यायचं, देव नसेल तर नुसतं बसायचं, हे तिचं काम. बोस्नियातल्या लढाईतून जीव वाचवून आईबापांबरोबर ती सेंट लुईसला आली, तेव्हा शाळकरी होती. बापाच्या बेकरीत पीठ मळत ती वाढली. अजूनही कुणाचं दुःख ऐकताना तिचे हात पीठ शोधत, म्हणून ती ते मांडीवर घट्ट धरून बसे.

"कुठल्या चर्चची तू?" पिकेटांनी भिंतीलाच विचारलं.

"चर्चची नाही. मी मुसलमान आहे."

"काल एक पाद्री आला होता. धीर धरा म्हणाला. त्याला दार दाखवलं मी."

"मलाही दाखवा. पण आधी जरा टेकू द्या, सकाळपासून उभी आहे."

पिकेटांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. वर्नितानं खुर्ची पुढे सरकवली.

सेनादानं ऑपरेशनचा विषय काढलाच नाही. या पायानं आजवर काय काय केलं, एवढंच तिनं विचारलं. पिकेट बोलायला लागले. उभा जन्म त्यांनी ग्रँड अव्हेन्यूवर बस चालवली होती. ब्रेकवर असायचा तो हाच पाय. एकदा चेंडूमागे धावत एक पोरगी बसच्या पुढ्यात आली. या पायानं ब्रेक असा दाबला की आतले उतारू एकमेकांच्या अंगावर पडले, आणि पोरगी चेंडू उचलून निघूनही गेली. चर्चमध्ये गाणं रंगलं की ताल धरायचा तोही हाच. डाव्याला ते कधी जमलं नाही. बोलताना त्यांचा हात पांघरुणावरून पायावर फिरत होता. वर्निता हे सारं पहिल्यांदाच ऐकत होती.

मग ते थांबले. "भीती वाटते म्हणून नकार देत नाहीये मी. कापल्यावर तो जातो कुठे, तेवढं सांग. जो तो म्हणतो, त्याची काळजी करू नका."

सेनादाला गोड बोलून वेळ मारून नेता आली असती.

"जाळतात," ती म्हणाली. "इस्पितळातल्या बाकीच्या कचऱ्याबरोबर."

वर्नितानं डोळे मिटले. पिकेटांनी मात्र सावकाश मान हलवली. कुणीतरी एकदाचं खरं बोललं होतं.

मग इस्पितळात कुणालाच न सांगितलेली गोष्ट सेनादानं सांगितली. लढाईत तिच्या बाबोंचा, म्हणजे वडिलांचा, पाय सुरुंगावर गेला. चुलत्यांनी तो पांढऱ्या कापडात गुंडाळला आणि आलुबुखाराच्या झाडाखाली पुरला. अंगाचं जे असेल ते मातीत जावं, अशी त्यांच्यात रीत. बाबोंनी घर सोडलं, गाव सोडलं, देश सोडला. त्या झाडाची आठवण निघाली की अजून टोपी काढतात.

"तुमचाही पुरता येईल," ती म्हणाली. "मी विचारते सगळ्यांना."

पिकेट तिच्याकडे पुरते वळले. "ओडेसाच्या शेजारी माझी जागा घेऊन ठेवलीय," ते म्हणाले. ओडेसा त्यांची बायको. "तिथे चालेल?"

डॉक्टरबाईंनी ऐकलं मात्र, दफनवाल्यांना स्वतःच फोन लावला. पिकेटांनी होकार दिला. दुसऱ्या दिवशी पाय काढला, आणि शुद्धीवर आलेल्या बापाला खणखणीत बोलताना ऐकून वर्निता सेनादाच्या गळ्यात पडली.

पानगळीच्या एका उजळ सकाळी सगळे दफनभूमीत जमले. चर्चमधल्या गाणाऱ्या बाया आल्या. डॉक्टरबाई सुट्टी काढून आल्या. सेनादाचे बाबोही ऊन ऊन पाव घेऊन आपल्या नकली पायावर लंगडत आले. चाकाच्या खुर्चीतून पिकेटांनी त्यांना न्याहाळलं.

"तुमचा कुठला गेला?"

"डावा."

"मग बूट एकच जोड घेऊ दोघांत."

बाबो खो खो हसले. त्यांनी पिकेटांचा हात जो धरला, तो सोडलाच नाही.

बायांनी गाणं म्हटलं. पिकेटांनी टोपी काढून पाय ठेवलेल्या पेटीवर हात ठेवला. "फार राबलास, गड्या," ते म्हणाले. "तुझे उपकार आहेत." वर्निता हुंदके देत हसली. सेनादाला वाटलं, बसवाल्यानं आपल्या पायाला दिलेला हा निरोप; एवढ्याचसाठी माणूस मरायला निघाला होता.

दफनवाल्या माणसांनी पिकेटांच्या जागेच्या मधोमध खड्डा खणला होता. पेटी खाली सोडायला त्यांनी दोर उचलले, तसा पिकेटांनी हात वर केला.

"इथे नको. तिकडे, ओडेसाच्या कडेला. तिच्या पायांपाशी."

माणसं पुन्हा खणायला लागली. सेनादानं वाकून हळूच विचारलं, तिथेच का?

"बर्फासारखे पाय असायचे तिचे," पिकेट म्हणाले. "लग्न झाल्यापासून रोज याच पायाला लावून झोपायची. तिला जाऊन तीन हिवाळे झाले, पोरी. गारठली असेल."