केसांच्या गोळ्या

थोरलीच्या दंडाला रबरी पट्टा आवळून झाला, शीर सापडली, आणि सुई टोचायच्या ऐन वेळी लॅबवाली बाई थांबली.

"केसांसाठी काही गोळ्या घेता का? बायोटिन वगैरे?"

"छे!" थोरली म्हणाली. जरा जास्तच जोरात.

शेजारच्या स्टुलावर धाकटी जाऊ तिची पर्स सांभाळत बसली होती. थोरलीने तिकडे बघायचं टाळलं. बघितलं असतं तर आधी दिसली असती ती वेणीच. मनगटाएवढी जाड, कमरेखाली लोळणारी. घरी आलेला पाहुणा पाणी प्यायच्या आधी त्या वेणीचं कौतुक करायचा. "अहो, गोळ्यांची कृपा!" असं म्हणून धाकटी हसायची, आणि बाटली बाथरूमच्या फळीवर तशीच ठेवायची. गेले दोन महिने थोरली त्यातल्या दोन-दोन गोळ्या रोज गुपचूप घशाखाली ढकलत होती. केस होते तिथेच राहिले. थायरॉईड तेवढं वाढलं.

"विचारते अशासाठी," लॅबवाली म्हणाली, "की त्या गोळ्यांनी थायरॉईडचा रिपोर्ट चुकतो. आजार नसला तरी आहे म्हणून येतो. डॉक्टरांना शंका आलीय, म्हणून तर पुन्हा पाठवलंय. आजही तसाच आला तर औषध सुरू करतील."

"साधं व्हिटॅमिनच ना ते?" थोरलीचा आवाज बारीक झाला.

"व्हिटॅमिनच. पण कारखान्यात बनवलेलं, आणि गरजेच्या कितीतरी पट. नीट आठवून सांगा."

थोरलीने आठवल्यासारखं केलं. नसलेल्या आजाराचं औषध जन्मभर गिळणं परवडलं. पण हिच्यादेखत कबूल करायचं? तिने मूठ घट्ट वळली.

"नाही म्हटलं ना. घ्या रक्त."

सुई कातडीला टेकली.

"घेतात त्या," धाकटी म्हणाली. "मीच देते. रोज दोन. विसरलात ना, ताई?"

लॅबवालीने सुई बाजूला ठेवली, पट्टा सोडला. "मग आज नको. आठवडाभर बंद ठेवा आणि या."

जिना उतरताना धाकटीने तिचा हात धरला.

"तुला कधीपासून माहीत होतं गं?"

"पहिल्या आठवड्यापासून. म्हणून तर मोठी बाटली आणायला लागले."

थोरली मधल्याच पायरीवर थबकली. केसांचं एक वेळ जाऊ दे. एवढं मोठं मनसुद्धा हिलाच!

तिने धाकटीचा हात झटकला, आणि पुढच्या पायरीवर पुन्हा धरला.