पेंगुळलेला रस्ता

शेवंताबाई डायलिसिसला निघाल्या तेव्हा दारातला रस्ता गोगलगायीसारखा सरकत होता. पूर्वी त्यावर नुसतं उभं राहिलं की तो दहा मिनिटांत रुग्णालयाशी नेऊन सोडायचा. यंदा राज्याने शहराची वीज निम्मी केली आणि सगळे सरकते रस्ते पेंगुळले.

पाहणीला आलेले राज्याचे अधिकारी, रेगे, उडती गाडी वर थांबवून त्यांच्याशेजारी उभे राहिले.

"किती वेळ लागतो?"

"दोन तास. बसा ना साहेब," शेवंताबाईंनी रस्त्यावर अंथरलेल्या सतरंजीवर जागा करून दिली.

बाभळीची पिवळी फुलं आणि ढगांच्या सावल्या हळूहळू मागे जात राहिल्या. रेग्यांनाही गुंगी येऊ लागली. तेवढ्यात शेवंताबाईंना धाप लागली. घाबरून रेग्यांनी गाडी खाली बोलावली.

"चला, सोडतो तुम्हाला."

"आज सोडाल. परवा परत जायचंय," त्या म्हणाल्या. "आणि हे सगळे?"

मागे लांबवर माणसं रस्त्यावर मुकाट बसून येत होती.

रेग्यांनी शेवंताबाईंना गाडीने पुढे पाठवलं. स्वतः मात्र रस्त्यावरच बसून राहिले. पूर्ण वीज देण्याची शिफारस त्यांनी तिथेच, मांडीवर कागद ठेवून लिहिली. ती लिहून झाली, तरी रुग्णालय अजून दिसत नव्हतं.