होकार

इंजेक्शनमध्ये औषध भरून झालं. टिचकी मारून बहिणीने आतली हवा काढली आणि ती पलंगाकडे वळली, तेवढ्यात नवऱ्याने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"जरा थांब," तो म्हणाला. "शुद्धीवर येऊ दे त्याला."

पलंगावर तिचा धाकटा भाऊ झोपला होता. दुखणं हाडांत उतरलं होतं. बहीण स्वतः इस्पितळात परिचारिका, म्हणून शेवटचे दिवस त्याला घरी आणून ठेवलं होतं. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती: दुखायला लागल्यावर सुई द्यायची नाही, दुखायच्या आधी द्यायची. आजवर तिने ती वेळ एकदाही चुकवली नव्हती.

नवरा एका लहान ख्रिस्ती मंडळीचा उपदेशक होता. तो हळू आवाजात समजावू लागला. कृपा सगळ्यांसाठी आहे, पण देव कुणाला फरफटत नेत नाही. माणसाने स्वतःहून हो म्हणावं लागतं. झोपलेला माणूस हो कसा म्हणणार? आणि असाच झोपेत गेला तर? बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. मेहुण्यावर त्याचा खरोखर जीव होता.

खिडकीपाशी थोरला भाऊ उभा होता. तो दुसऱ्या मंडळीचा पाळक, म्हणजे पाद्री. त्याचं म्हणणं नेहमीचंच होतं. माणूस पापात मेलेला असतो आणि मेलेला कधी हो म्हणत नाही. जग घडवण्याआधीच देवाने ज्यांना निवडलं, ते त्याच्या हातून निसटत नाहीत. ज्यांना निवडलं नाही, त्यांना गदागदा हलवून उठवलं तरी काही बदलत नाही.

"सुई दे," तो म्हणाला. "जे ठरायचं ते ठरून गेलंय."

एरवी हा वाद जेवणाच्या टेबलावर चालायचा. दोघं हातघाईवर आले की ती त्यांच्या ताटात आणखी भात वाढायची, म्हणजे तोंडं बंद व्हायची. आज सकाळीच धाकटा म्हणाला होता, की दादाच्या देवाचं आधीच ठरलंय आणि भाऊजींचा देव माझ्या उत्तरासाठी खोळंबलाय, तेव्हा दोघांचं काय ते मिटेपर्यंत मला झोपू द्या. तिघंही हसले होते.

आता हातात सुई धरून तिने थोरल्याला विचारलं, "दादा, मग हा निवडलेला आहे का?"

तो बाहेर बघत राहिला. खाली कोणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं.

"ते मला कसं कळणार?"

"काही खूण असेल की."

"शेवटपर्यंत विश्वासात टिकतो तो निवडलेला," तो म्हणाला. धाकट्याने तर कित्येक वर्षांत चर्चची पायरी चढली नव्हती.

त्याने नुसतं 'आहे' म्हटलं असतं, तर बहुधा तिने सुई टोचली असती. तिने ती ट्रेमध्ये ठेवून दिली.

मग तिघं वाट पाहू लागले. आधी धाकट्याच्या पायाची बोटं हलली. मग हाताने चादर मुठीत धरली. ओठ पांढरे पडले आणि दारात अडकलेलं कपाट जोर लावून सरकवावं तसा आवाज त्याच्या घशातून येऊ लागला. बहिणीचा हात सवयीने त्याच्या नाडीवर गेला होता. तिने तो काढून घेतला. थोरल्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

धाकट्याने डोळे उघडले.

"ताई, सुई."

नवरा पलंगाशी गुडघ्यांवर बसला. त्याने धाकट्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. लगेच देतो, तो म्हणाला, पण आधी मला एवढं सांग. येशूला आपला तारणारा म्हणून स्वीकारतोस का? फक्त हो म्हण.

धाकट्याची नजर त्याच्या खांद्यावरून ट्रेकडे गेली.

"सुई दे ना, ताई."

"हो म्हण, बाळा. मनापासून म्हण."

"हो," धाकटा म्हणाला. "हो, हो, हो. म्हणाल त्याला हो. आता दे."

तिने दिली. धाकट्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू विरल्या, मूठ सुटली. नवऱ्याने चादरीत डोकं खुपसून देवाचे आभार मानले. मग तो तसाच उठला आणि बाहेरच्या खोलीत बसलेल्या नातेवाइकांना सांगायला गेला. तिकडे कोणीतरी मोठ्याने रडलं. पाठोपाठ गाणं सुरू झालं.

"त्याने सुईला हो म्हटलं, दादा," बहीण म्हणाली.

थोरला आता रागावेल, असं तिला वाटलं. त्याने रागवावं, असंही वाटलं असावं. खुर्ची ओढून तो पलंगाला लागून बसला, खिशातल्या रुमालाने त्याने धाकट्याच्या मानेवरचा घाम टिपला आणि वाकून आपला कान त्याच्या ओठांजवळ नेला. बराच वेळ तो तसाच वाकून होता.

"पुढची सुई कधी?" त्याने विचारलं.

"दिवे लागले की."

थोरल्याने दाराकडे पाहिलं. बाहेर गाणं चालूच होतं.

"थोडी उशिरा दे," तो म्हणाला.