गेल्या चार आठवड्यांत

बेरीज अकरा आली. दीपिकाने बोटांवर पुन्हा करून पाहिली, तरी अकराच. ऑपरेशनच्या आधी सोनीबाईचा हाच फॉर्म भरला होता तेव्हा बेरीज दोन होती. आकडा जितका मोठा, तितका लघवी गळण्याचा त्रास जास्त, हे दीपिकाला दवाखान्यात दोन दिवस बसवून शिकवलं होतं. म्हणजे बाई सुधारायची ती बिघडली होती.

कुरखेड्याजवळच्या या गावात दीपिका सहा वर्षं आशाताई म्हणून घरोघर आरोग्याचं काम करत होती. चौथ्या बाळंतपणानंतर खोकलं तरी लुगडं ओलं होतं, हे सोनीबाईने फक्त तिच्यापाशी बोलून दाखवलं होतं. तिला दवाखान्यात नेलं ते दीपिकानेच. डॉक्टरांनी तपासलं, आतून आधाराची पट्टी बसवू म्हणाले. सोनीबाईचा नवरा लच्छू मात्र अडून बसला.

"बायकोले काई झालं त?" त्याने विचारलं होतं.

"मी आहो ना भाऊ," दीपिका म्हणाली होती. ते शब्द आता तिला खायला उठले.

अंगणात मोहफुलं वाळत होती. सोनीबाई वाकून ती हाताने पसरत होती. मघाशी तिने सगळी उत्तरं कशी बिनघोर दिली होती! प्रत्येक प्रश्नाची सुरुवात एकच: गेल्या चार आठवड्यांत. हसताना गळालं का? "गळलं थोडंसं." ओझं उचलताना? "मोहाची टोपली डोक्यावर घेतली तवा." प्रवासात? "गडचिरोलीच्या बसमंदी, एकडाव." नाचताना? "पुतणीच्या लग्नात रेला नाचली ना, तवा." बाई सांगत गेली आणि दीपिका खुणा करत गेली. मागच्या वेळी दवाखान्यात बायांची रांग लागली होती. तेव्हा तिने अशाच भराभर खुणा केल्या होत्या आणि खोकल्याचा एक प्रश्न सोडला तर सगळीकडे शून्यच पडलं होतं.

फॉर्म पेन्सिलने भरलेला होता आणि खोडरबर पिशवीत होतं. चार ठिकाणी शून्य केलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिने खोडरबर हातात घेतलंसुद्धा. पण याच ऑपरेशनसाठी गावातल्या आणखी सहा बायांची नावं तिने दिली होती. त्यांनाही असंच भोगायला लावायचं? तिची तिलाच लाज वाटली. तिने खोडरबर परत पिशवीत टाकलं आणि उठून सोनीबाईजवळ जाऊन उकिडवी बसली.

"बाई, मले माफ करा. तुमचं ऑपरेशन फसलं. पहिल्यापेक्षा जास्त गळून राह्यलं तुमचं."

सोनीबाईचा हात थांबला. "कोन म्हनते?"

"तुमीच सांगतलं. मागच्या खेपेला मी विचारलं, हासताना गळते का, तुमी नाई म्हनलं. टोपली उचलताना, नाई. बसमंदी, नाई. नाचताना, नाई. अन् आता समद्याले हो म्हनता."

सोनीबाईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. पोर शिकलेली आहे, मग हिला एवढंही कसं कळत नाही, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"मंग खरंच सांगतलं मी," ती हळू आवाजात म्हणाली. "तवा तीन वर्सं मी मोहाले गेली नाई, बसमंदी बसली नाई, कोनाच्या लग्नात पाय ठेवला नाई. अन् पोरी, जी बाई हासतच नव्हती, तिचं हासताना गळन कुठून?"