वरचं बटण

मानेवर चौथं गळू आलं तशी आईनं मला डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. पप्पा मागून आले, नेहमीसारखे गळ्यापर्यंत बटणं लावून. “ही नीट अंघोळच करत नाही,” आई म्हणाली. माझं डोकंच फिरलं. “रोज घासणीनं घासते, आता सोलून काढू का?” वर्गात ‘घाणेरडी’ ऐकूनच शाळा सोडली होती मी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “घासणं बंद कर. जंतू सगळ्यांच्याच अंगावर असतात. काहींची कातडी त्यांना नीट अडवत नाही, ते आईवडिलांकडूनही येतं. घरात आणखी कुणाला होतात गळवं?” “कुणालाच नाही,” आई म्हणाली. पप्पांनी वरचं बटण काढलं. “मला व्हायची.” मानेखाली जुने व्रण होते. “अहो, ते तर भाजल्याचे ना?” “लाजेपोटी खोटं बोललो.” परतताना भर बाजारातून पप्पा कॉलर उघडी टाकून चालले. मी त्यांचा हात धरला.