सरकारी टोपी

गव्यांनी रस्त्यावर ठाण मांडलं होतं. मागच्या गाड्या हॉर्नवर हॉर्न वाजवत होत्या, आणि आर्डिथचा पाय ब्रेकवरून निघत नव्हता.

"वहिनी, उतर आणि जरा सरका म्हण त्यांना. तुझ्याच माहेरचे दिसतायत. चालही तशीच," शेजारी बसलेला दीर विल्बर्ट म्हणाला. अमेरिकेतल्या मूळनिवासी लाकोटा लोकांत दिराने भावजयीची टर उडवायचीच असते. विल्बर्टने त्यात कधी हयगय केली नव्हती.

"माहेरचे आहेत म्हणून गप्प उभे आहेत, भाऊजी. सासरचे असते तर तुमच्यासारखे बडबडले असते."

पण आज तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिची लेक शॉना गुहेच्या सरकारी उद्यानात रेंजर झाली होती आणि आज पहिल्यांदाच पाहुण्यांना गुहा दाखवणार होती. 'दोन भावांनी ही गुहा शोधून काढली' हे तिथलं ठरलेलं वाक्य ऐकतच आर्डिथ मोठी झाली होती. पण घरची गोष्ट वेगळी होती: लाकोटा माणसं त्याच गुहेतून पृथ्वीवर आली, आणि गवेही. ते ठरलेलं वाक्य पोटच्या पोरीच्या तोंडून ऐकावं लागलं तर?

"सरकारी टोपी घातली की गोष्टही सरकारीच सांगावी लागते," विल्बर्ट म्हणाला.

गवे बाजूला झाले तशी आर्डिथने गाडी पुढे काढली.

ते पोहोचले तेव्हा पाहुणे जमिनीतल्या एका लहानशा भोकाभोवती जमले होते. आतून येणाऱ्या वाऱ्याने शॉनाच्या हातातली फीत फडफडत होती.

"ही गुहा शोधली कुणी?" एकाने विचारलं.

शॉनाने टोपी सारखी केली. "दोन भावांना ती दिसली, हे खरं. पण ती हरवली कुठे होती? आमची माणसं इथूनच बाहेर आली."

"आमची म्हणजे कुणाची?"

शॉनाने हनुवटी उचलली आणि ओठ पुढे काढून आई आणि काकाकडे दाखवलं, घरात सगळे बोटाऐवजी ओठांनीच दाखवतात तसं. पाहुण्यांना वाटलं, पोरगी चिडली. मागे उभ्या असलेल्या दोघांना मात्र बरोबर कळलं. आर्डिथचा ऊर भरून आला. ही माझी लेक, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं.

विल्बर्टने डोक्यावरची टोपी काढली आणि उगाच खाकरला.

"बोला की, भाऊजी."

"टोपी शोभते पोरीला," एवढंच त्याला सुचलं.

"जाताना गवे आडवे आले तर काच खाली करा," आर्डिथ म्हणाली. "त्यांनाही सांगू."