पाऊण काम

"त्रुटी निघाली," बद्रीनाथ म्हणाला आणि त्यानं अर्ज खिडकीतून बाहेर सरकवला.

केरबानं घोंगडी या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकली. लासूर स्टेशनहून या कचेरीत येऊन येऊन त्याच्या वहाणांचे तळ गेले होते. नात आशा हिचा नर्सिंगला नंबर लागला होता. महिनाअखेरीपर्यंत जातीचा दाखला दिला नाही, तर तिची जागा दुसरीला जाणार होती. तोवर आशा माळावर मेंढरं राखत होती आणि रोज संध्याकाळी एकच विचारत होती, "आबा, झालं का?"

होणार कसं? बद्रीनाथ कारकुनाला त्रुटी काढायचं व्यसन होतं. पहिल्यांदा फोटोत आशाच्या मागं मेंढरू आलं म्हणून अर्ज परत. मेंढरू हाकललं, तर पोरगी हसतेय म्हणून परत. आता त्याला केरबाच्या बापाच्या शाळेचा दाखला पाहिजे होता.

"माझ्या बापानं शाळा नुसती बाहेरून बघितली, साहेब."

"मग बाहेरून बघितल्याचा दाखला आणा."

केरबाचं डोकं सणकलं. "तुमचे पगार कापले पाह्यजेत!" तो ओरडला. मागच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या.

"कापा की," बद्रीनाथ थंडपणे म्हणाला. "गावाकडं, देवगाव रंगारीत, घरची आठ माणसं माझ्या पगाराकडं तोंड करून बसलीत. पाऊस हुकला की माझाच पगार पेरतात अन् माझाच खातात. पाठवतो त्यांना तुमच्याकडं जेवायला."

केरबाच्या जिभेवर त्या दिवशी कोण येऊन बसलं होतं कोण जाणे. त्याच आठवड्यात सरकारनं मंदीचं कारण सांगितलं आणि कर्मचाऱ्यांचा चौथाई पगार कापला. केरबानं पेढे वाटले. मेंढरांनाही एकेक दिला, असं लासूरात अजून सांगतात.

कर्मचारी संपावर गेले नाहीत. त्यांनी त्याहून जालीम ठराव केला. पगार पाऊण, तर काम पाऊण. जादा काम करील त्यानं अख्ख्या कचेरीला मटण खाऊ घालायचं. ठराव लिहिला संघटनेच्या सेक्रेटरीनं. सेक्रेटरी अर्थात बद्रीनाथ.

ठराव मात्र त्यांनी इमानदारीनं पाळला. शिपाई भिकन पाण्याचा ग्लास पाऊणच भरू लागला. सरूबाई तीन कोपरे झाडायची आणि चौथ्याला हात जोडायची. दारावरचा रखवालदार 'या' म्हणायचा, 'बसा' म्हणायचा, 'बोला' म्हणायचा, फक्त ऐकायचा नाही. लिफ्ट तिसऱ्या मजल्याला निघायची आणि सव्वादोनवर थांबायची. चपळ माणसं उडी मारून वर चढायची. एक जाडजूड ठेकेदार तिथंच अडकला. त्याचा डबा दोरीनं सोडावा लागत होता.

लासूरच्या स्टेशनात रोज अशा बातम्या उतरायच्या आणि केरबा कपाळावर हात मारायचा. पुऱ्या पगारात जे झालं नाही, ते पाऊण पगारात काय होणार? आपल्याच तोंडानं आपण नातीचा घात केला. खाल्लेले पेढे त्याला कडू लागले. महिना संपायच्या आदल्या संध्याकाळी आशानं काही विचारलंच नाही. ते त्याला बघवेना. शेवटच्या दिवशी सकाळीच उठला आणि शहरात आला.

खिडकीपुढं चिटपाखरू नव्हतं.

"या बाबा," बद्रीनाथ म्हणाला. "द्या अर्ज."

"त्रुटी काय हाये ते आधीच सांगा. माझ्यात दम राह्यला नाय."

"त्रुटी बंद." बद्रीनाथनं सुस्कारा सोडला. "एका दाखल्यामागं माझी कामं चार. अर्ज घ्यायचा, त्रुटी काढायची, साहेबांची सही आणायची, शिक्का मारायचा. चारातलं एक सोडणं भाग होतं. जे लई दमवतं, ते सोडलं."

तो आत गेला आणि तसाच सही घेऊन बाहेर आला. केरबाला वाटलं, आपल्याला ऊन लागलं. आठवड्याभरात म्हणे सगळ्या तालुक्याचे दाखले निघाले होते. ज्यांना नको होते, त्यांनाही दोन-दोन मिळाले होते.

बद्रीनाथनं शिक्का शाईत दाबला आणि वर उचलला.

तेवढ्यात भिकन धावत आला. "साहब, मुबारक! कपात रद्द! पगार पुरा!"

कचेरीत एकच आरोळी उठली. लिफ्ट गडगडत तिसऱ्या मजल्याला लागली आणि ठेकेदार रडत बाहेर पडला.

बद्रीनाथचा शिक्का हवेतच थांबला. मग तो हळूच खाली आला, पण कागदावर नाही, टेबलावर. बद्रीनाथनं चष्मा पुसला. आठवडाभर उतरलेल्या त्याच्या तोंडावर जुनं तेज चढलं.

"तुमचं नशीब चांगलं, बाबा," तो म्हणाला आणि त्यानं आशाचा फोटो उजेडात धरला. "आता तुमचं काम पुरं करतो."

केरबानं भिकनची बाही धरली. "पुरा पगार कवापासून?"

"उद्या पहिली तारीख. उद्यापासून."

"म्हंजी आज पाऊणच?"

"पाऊणच." भिकननं हे म्हटलं आणि मग त्याचे डोळे लकाकले. "साहब, काढा की त्रुटी. मटणाला मी केव्हाबी तयार आहे."

केरबानं शिक्का उचलून बद्रीनाथच्या मुठीत ठेवला. फेटा काढून खिडकीत ठेवला. ज्या खिडकीशी उभं राहून त्यानं 'काम करा, काम करा' म्हणून घसा कोरडा केला होता, त्याच खिडकीशी तो हात जोडून म्हणाला,

"साहेब, पाया पडतो. आजच्या दिवस फुकटात जादा काम करू नका."